गाईडची मजुरी माशाच्या वजनावर नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अलास्कातल्या सॅमन माशाच्या शिकारीवर पानभर लेख आला होता. मधोमध मोठा फोटो. गुडघाभर पाण्यात उभे असलेले आपल्याकडचे एक गृहस्थ, दोन्ही हातांवर तोललेला लालसर किंग सॅमन, आणि त्यांच्या मागे टोपी घातलेला एक माणूस. त्याचा चेहरा फोटोत अर्धा कापला गेला आहे. लेखात त्याचं नावही नाही, एकदाच ‘आमचा गाईड’ एवढा उल्लेख आहे. मी तो फोटो दोन दिवस पाहत होतो आणि नजर माशावरून सारखी त्या अर्ध्या चेहऱ्याकडे जात होती. ते काम मी केलेलं आहे.

मी ढिवर, मासेमारी करणाऱ्या समाजाचा. पवनी तालुक्यातला, गोसीखुर्द धरणाच्या बुडीताच्या काठावर राहणारा. वय ६१. डोंगा आणि जाळं बापाकडून आलं, पाणी वैनगंगेचं. आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा मी जुना सभासद आहे. मधली तीन वर्षं मी नागपूरकडून येणाऱ्या हौशी गरीवाल्यांना, म्हणजे गळानं मासे धरणाऱ्यांना, डोंग्यात बसवून मोठा मासा दाखवायचं काम केलं. तुमच्या लेखकांनी शेवटी लिहिलं आहे की अशीच ‘ट्रॉफी फिशिंग’, म्हणजे फोटोसाठी मोठा मासा धरायचा खेळ, गोसीखुर्दवर सुरू करावी, जलपर्यटनाचं काम निघालंच आहे, स्थानिकांच्या हाताला रोजगार मिळेल. त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

पत्र मी सांगितलं आणि धाकट्या भावाच्या मुलीनं लिहून काढलं. ती नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकते. सॅमनची माहिती तिनं वाचून दाखवलेली आहे. आमच्या पाण्यातल्या मरळ माशाची माहिती माझी आहे, आणि चूकही माझीच आहे.

लेखात अलास्कातल्या केनाई नदीचं कौतुक आहे. तिथे १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन या माणसानं गळानं धरलेला किंग सॅमन ९७ पौंड ४ औंस भरला, म्हणजे ४४ किलोच्या वर, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. हे बरोबर आहे. पण त्याच केनाईत २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी किंग सॅमन गळानं धरायला बंदी होती, कारण समुद्रातून पुरेसे मासेच परत येत नव्हते, हे लेखात कुठे नाही. फोटो त्याआधीचा असेल किंवा दुसऱ्या एखाद्या नदीवरचा असेल, पण वाचकाला हे कळायला हवं होतं. अलास्कातले किंग सॅमन १९९० च्या आधीच्या मानाने लांबीला सरासरी ८ टक्के लहान झाले आहेत, असं २०२० साली तिथल्या शास्त्रज्ञांनी जुन्या मोजमापांवरून दाखवलं. म्हातारे, मोठे मासे आता कमी येतात. मोठ्या मादीच्या पोटात अंडी जास्त असतात, आणि ती नदीच्या तळच्या खडीत खोल खड्डा करून घालते, म्हणजे पूर आला तरी टिकतात. ट्रॉफी म्हणून नेमकी तीच हवी असते. नॉर्वेत तर २०२४ च्या जूनमध्ये, ऐन हंगामात, ३३ नद्यांवर सॅमनची मासेमारी थांबवावी लागली. लेख वाचून असं वाटतं की तिकडे मासा उदंड आहे आणि जाऊन धरायचा तेवढा बाकी आहे.

पुतणी वाचत होती तेव्हा सॅमनचं चढणं ऐकून मला आमची चढण आठवली. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, नाले गढूळ होऊन वाहू लागले की मासा धारेच्या उलट चढतो. बांधावरून उड्या मारतो, धानाच्या बांधीत शिरतो, आणि गाभोळीनं फुगलेलं पोट तिथे मोकळं करतो. लहानपणी आम्ही कंदील घेऊन रात्रभर नाल्याच्या काठी असायचो. सॅमनचंही असंच, फक्त वाट फार लांबची. समुद्रात काही वर्षं वाढायचं, मग ज्या ओढ्यात जन्म झाला त्याचा वास ओळखत परत यायचं. नदीत शिरल्यावर तो खाणं सोडतो. अंगावरच्या चरबीवर शेकडो किलोमीटर चढतो, अंडी घालतो आणि तिकडचे हे सॅमन त्यानंतर मरतात. त्यांची कलेवरं अस्वलं खातात, गरुड खातात, उरलेलं काठच्या झाडांच्या मुळाशी जातं.

इथे मी तिला थांबवलं. खाणं सोडतो तर मग गरी का धरतो? ती म्हणाली, “भुकेनं नाही धरत, मोठे बाबा. समोर सारखं काहीतरी चमकत फिरवलं की चिडतो, आपली जागा राखतो, म्हणून चावतो.” मी बराच वेळ काही बोललो नाही. तिला वाटलं मला झोप लागली.

आता माझी गोष्ट सांगतो. ती मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही.

श्रावण होता. नागपूरहून एक साहेब यायचे, नाव लिहीत नाही. माणूस सभ्य, डोंग्यात कचरा टाकायचे नाहीत, मला ‘काका’ म्हणायचे, स्वतःच्या डब्यातलं आधी मला द्यायचे. त्यांची गरी भारी होती, रीळ जपानी, आणि गरीला रबराचा बेडूक. ठराव असा होता की दिवसाचे आठशे रुपये, मरळ लागली तर वर पाचशे, आणि पाच किलोच्या वरची लागली तर वर हजार. त्या दिवशी दुपारपर्यंत काहीच लागलं नाही. ढगाळ हवा होती, पाणी चढलेलं होतं. साहेब तोंडानं काही म्हणत नव्हते, पण सारखे घड्याळ पाहत होते. मला संस्थेचा हप्ता भरायचा होता आणि घरी धाकट्या मुलाच्या फीची बोलणी चालू होती. मी डोंगा वळवला आणि बेशरमीच्या झुडपांमागे एका कोपऱ्यात नेला. तिथे काय आहे हे मला चार दिवसांपासून माहीत होतं.

तिथे मरळीची पिल्लं होती. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. मरळीची पिल्लं लहान असताना लालसर केशरी असतात आणि शेकड्यांनी एकत्र राहतात. पाण्यावर तांबूस डाग हलावा तसा घोळका दिसतो. मरळीला हवेतला श्वास लागतो, पिल्लांनाही लागतो, म्हणून तो घोळका थोड्या थोड्या वेळानं वर येतो, पावसाचे थेंब पडावेत तसं पाणी टिपटिपतं, आणि परत खाली जातो. त्या डागाच्या खाली, हातभर खोलीवर, मोठी मरळ असते. कधी दोघंही असतात, नर आणि मादी. पिल्लं राखायची म्हणून ती तिथून हलत नाहीत. बेडूक आला, साप आला, दुसरा मासा आला, तर अंगावर जातात. पोटात भूक असो नसो, जातातच.

म्हणून तिथे रबराचा बेडूक टाकला की मरळ लागणारच. जाणत्या गरीवाल्याला हे माहीत असतं. साहेबांनाही माहीत होतं, पण कोपरा त्यांना माहीत नव्हता, तो मी दाखवला. बेडूक घोळक्यावरून पहिल्यांदा ओढला तेव्हा खालून नुसती लाट आली. दुसऱ्यांदा ती आली आणि बेडूक तिनं असा चावला की आवाज मला डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. वीसेक मिनिटं झुंज चालली. वर आली तेव्हा सहा किलोच्या वरची होती, पाठ काळी, बाजूला ठिपके. एवढी मरळ मी स्वतः दहा वर्षांत जाळ्यात पाहिली नव्हती.

साहेब म्हणाले, “काका, फोटो काढून सोडून देऊ. मी मासा मारत नाही.” हे ते मनापासून म्हणत होते. डोंग्यात फोटो नीट येत नव्हता, उजेड मागून होता, म्हणून आम्ही काठाला गेलो. दोन-अडीचशे मीटर असेल. काठावर फोटो झाले. बसून, उभं राहून, मासा छातीशी धरून, मासा कॅमेऱ्याकडे पुढे करून. मी पाणी शिंपडत होतो. मी म्हटलं, साहेब, लवकर सोडा. ते म्हणाले, “मरळ आहे काका, मरत नाही.” खरंच होतं ते. मरळ ओल्या गवतावरही बराच वेळ जगते. सोडली तेव्हा शेपटी मारून झटक्यात गेली. मलाही बरं वाटलं. हजाराची नोट खिशात होती, आणि मासाही जिवंत गेला होता.

परतीच्या वाटेवर मी डोंगा त्या कोपऱ्याकडून घेतला. का घेतला ते सांगता येत नाही. घोळका फुटला होता. तांबूस डागाच्या जागी चार-पाच लहान डाग पसरले होते, आणि मधे पाणकावळे बुड्या मारत होते. खंड्या बेशरमीच्या काडीवर बसून एकेक उचलत होता. साहेब मोबाईलवर फोटो पाहत होते. मी वल्हं थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच गेलो, पाणी स्वच्छ होतं. सगळी पिल्लं मेली असं मी म्हणत नाही, काही गवतात शिरली असतील, आणि मरळ परत आलीही असेल. मला ती दिसली नाही. पुढचे आठ दिवस मी जात होतो.

रात्री बायकोला सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, “मासा मारून आनला असता तं येक गोस्ट होती. तुमी तं लेकरांपासून माय उचलून नेली, अन् फोटोसाठी.” मी म्हटलं, नर असेल, बाप असेल. ती म्हणाली, “मंग बाप उचलून नेला.” त्या हजारातले सहाशे हप्त्यात गेले. बाकीचे कशात गेले तेही मला आठवतं, पण ते सांगण्यात अर्थ नाही.

त्या हिवाळ्यानंतर मी ते काम सोडलं.

संपादक साहेब, मासा धरून सोडून देणं म्हणजे निर्दोष, हे लेखात तीनदा लिहिलं आहे. केनाईतच १९८९ ते १९९१ या काळात धरून सोडलेल्या किंग सॅमनना रेडिओ बसवून त्यांचा माग काढला होता. सरासरी शंभरातले सात-आठ मेले. कल्ल्यात गरी लागलेल्या, रक्त आलेल्या माशांचे हाल जास्त. आता हा आकडा काही मोठा नाही. माझ्या जाळ्यात आलेले शंभरच्या शंभर मरतात, म्हणून मी आकड्यावर वाद घालणार नाही. पण मरळीच्या बाबतीत मेलेले मासे मोजून काहीच कळत नाही. साहेबांच्या हिशेबात त्या दिवशी एकही मासा मेला नाही, आणि त्यांच्याजवळच्या नोंदवहीत तसंच लिहिलेलं असणार. पिल्लांचा कोपरा त्या वहीत येत नाही. सॅमनच्या बाबतीतही वीस मिनिटं झुंजलेली गाभण मादी पुढे किती चढली, तिनं खड्डा खणला की नाही, हे फोटो काढणारा पाहायला थांबत नाही. तो विमानानं परत येतो. थांबतो तो गाईड. त्याला दिसतं.

आणि दिसूनही तो बोलू शकत नाही, हे मला तुमच्या वाचकांना सांगायचं आहे. माणूस वाईट असतो म्हणून नाही. गिऱ्हाईक सात समुद्र ओलांडून आलेलं असतं, किंवा नागपूरहून शंभरेक किलोमीटर गाडी हाकत आलेलं असतं. सुट्टी एकच दिवसाची असते. फोटो मिळाला तर खुशीचे पैसे मिळतात, पुढच्या वर्षी तो मित्रांना घेऊन येतो. फोटो नाही मिळाला तर पुढच्या वर्षी दुसरा डोंगेवाला. अशा वेळी पिल्लांचा घोळका ठाऊक असलेला गाईड काय करील? मी काय केलं ते लिहिलं आहे. कोणता मासा सोडायचा, किती मिनिटांत सोडायचा, बिनकाट्याची गरी वापरायची, ओल्या हातानं धरायचा, हे सगळे नियम गिऱ्हाइकासाठी आहेत आणि चांगले आहेत. गाईडच्या पैशाबद्दल कोणी नियम करत नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

या हौशी लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही, हे स्पष्ट लिही असं मी पुतणीला बजावलं आहे. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी आणि गालिबोरे इथे महाशीर मासा धरून सोडण्याचे कॅम्प होते. तिथे पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारी गावातलीच माणसं पुढे राखणदार आणि गाईड झाली, आणि त्या पट्ट्यात सुरुंग थांबले. अभयारण्यातली ती गळमासेमारी पुढे वन्यजीव कायद्यामुळे बंद झाली, त्यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. सुरुंगापेक्षा गरी केव्हाही बरी, हे मी ढिवर म्हणून सांगतो. आमच्याकडे नाल्यांत विजेची तार टाकून मासे मारणारे आहेत, डोहात औषध टाकणारे आहेत, मच्छरदाणीच्या कापडानं बोटभर पिल्लं गाळणारे आहेत. त्यांतले काही आमच्याच समाजाचे आहेत. चढणीचा गाभोळीचा मासा मी स्वतः पोत्यानं आणलेला आहे, आणि तो खाताना कधी विचार केला नाही. नागपूरच्या साहेबांकडे बोट दाखवायचं तर ही बोटंही मोजली पाहिजेत.

कावेरीचीच आणखी एक गोष्ट पुतणीनं सांगितली, ती महाराष्ट्राशी जोडलेली आहे. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात आपल्याकडच्या महाशीरची पिल्लं तयार करून ती दुसऱ्या राज्यांतल्या नद्यांत सोडली गेली. हेतू चांगला होता, मासा वाढावा हाच. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर मदार असलेला महाशीर, जगात दुसरीकडे कुठे नसलेला, या पाहुण्यांपुढे मागे पडत गेला. २०१८ मध्ये कुठे त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं, आणि त्याच वर्षी तो अत्यंत धोक्यात असलेल्या जातींत गेला. हे सगळं उघड झालं ते बरंचसं गळवाल्यांनी कॅम्पवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींमुळे, हेही खरं. तर उद्या गोसीखुर्दवर ट्रॉफी पाहिजे म्हणून कोणी बाहेरचा मोठा मासा आणून सोडायची योजना काढली, तर त्याला आधी कावेरीवर पाठवा. आमच्या पाण्यात शिंगाडा मासा आहे, मरळ आहे, वाम अजून क्वचित लागते. एवढं राखलं तरी पुष्कळ आहे.

पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हेही लेखात आलेलं नाही. अलास्कातल्या युकॉन नदीवर २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या बाजूंनी मिळून सात वर्षं किंग सॅमन धरणं थांबवलं आहे. सात वर्षं, म्हणजे माशाची एक पिढी. हौशी लोकांना दुसरी नदी आहे. काठावरच्या आदिवासी गावांत मात्र हिवाळ्यासाठी मासा सुकवायच्या जागा रिकाम्या आहेत, पोरांना मासा चिरायला शिकवायला मासा नाही. समुद्र तापला, नदी तापली, दूर समुद्रात मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत सॅमन सापडतो, अशी बरीच कारणं सांगतात, आणि त्यांतलं एकही त्या गावांनी केलेलं नाही. नैऋत्य अलास्कातले युपिक लोक तर धरून सोडण्याच्या खेळालाच नावं ठेवतात. त्यांच्यातली जुनी माणसं मानतात की मासा आपण होऊन माणसाच्या हाती येतो, त्याला घेऊन खेळणं हा त्याचा अपमान, आणि अपमान झालेला मासा परत येत नाही. हे ऐकून मला माझी माय आठवली. आम्ही पोरं टोपल्यातल्या जिवंत माशाशी खेळायला लागलो की पाठीत धपाटा बसायचा. “जेवनासंग खेळू नोको,” म्हणायची. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच इराद्यानं मासा धरायला कायद्यानं मनाई आहे असं कळलं. माय कधी पवनीच्या पुढे गेली नव्हती.

मी तेवढ्या टोकाला जात नाही. गोसीखुर्दवर लोक येणार, गरी टाकणार, आणि आमच्या पोरांना त्यातून चार पैसे मिळणार असतील तर मला ते हवे आहेत. माझा धाकटा सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे, तो इथे डोंग्यावर असता तर मला आवडलं असतं. म्हणून विरोध करायला मी लिहीत नाही. सुरू करायचं असेल तर आधी पैशाचं ठरवा, एवढं म्हणतो. गाईडला दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी, मासा लागो न लागो, आणि ती संस्थेमार्फत मिळावी. माशावर, वजनावर, फोटोवर एक रुपयाही वर नको, खुशी म्हणूनही नको. कोणाला खुशी द्यायचीच असेल तर ती संस्थेच्या पेटीत टाकावी आणि वर्षाच्या शेवटी सगळ्या डोंग्यांत सारखी वाटावी. हे झालं की पिल्लांचा कोपरा दाखवायचं कारणच उरत नाही. उलट “साहेब, तिकडे आज जायचं नाही” असं म्हणायला गाईडला तोंड राहतं.

मृगापासून पिल्लं मोठी होऊन पांगेपर्यंत गरी बंद ठेवावी, आणि ती आम्हीही पाळावी. साहेबांना बंद आणि ढिवराला सुरू असं मी मागत नाही. चढणीच्या त्या दिवसांत आमच्या जाळ्याचं आणि चुलीचं काय करायचं ते संस्थेत बसून ठरवावं लागेल, सोपं नाही ते. आमच्या सभेत मी हे दोनदा मांडलं, दोन्ही वेळा भांडण झालं. पुन्हा मांडणार आहे.

आणि आठवड्यातून एक दिवस पाणी मोकळं सोडावं. ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. केनाईत ऐन हंगामात रविवारी गाईडला गिऱ्हाईक नेता येत नाही, आणि इतर दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढीच वेळ असते. गाईड व्हायचं तर आधी काही दिवसांचा वर्ग करावा लागतो, नदीची आणि माशाची माहिती घ्यावी लागते. लेखकांनी तिथून फोटो आणला, हे नियमही आणायला हरकत नव्हती. वर्ग इथे घ्यायचा असेल तर नागपूरच्या महाविद्यालयातली पोरं येऊन घेतील, पुतणी तयार आहे. मरळीचा घोळका ओळखायला शिकवायला मी येतो. पैसे नकोत.

शेवटी लेखकांना एकच विनंती आहे, आणि ती तुम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. त्यांच्या त्या सहलीचा खर्च लेखात आहे, विमानाचं भाडं आहे, गरीची किंमत आहे, माशाचं वजन आहे. फोटोतल्या त्या टोपीवाल्या गाईडचं नाव काय, त्याला त्या दिवशी किती पैसे मिळाले, आणि मासा लागला नसता तर किती मिळाले असते, एवढं त्यांनी पुढच्या रविवारी छापावं.

आपला नम्र,
एक ढिवर,
ता. पवनी, जि. भंडारा

(नाव छापू नये. ते साहेब तुमचा पेपर वाचतात. त्यांना मी हे समोर बसून सांगणार आहे, पेपरातून कळायला नको.)